वॉल्टरच्या वडिलांचं हेल्मेट

१४ ऑक्टोबर, सोमवार
सुलभाबाई, हे परत ऐकशील तोवर डायरी सुरू केल्याचंच विसरली असशील. म्हणून सांगते: बोलतेय मी, ऐकतेयस तू, म्हणजे पुन्हा मीच, लिहितोय फोन. शाळेत न गेलेल्या बाईने आणखी किती मॉडर्न व्हायचं?
शेजारचा वॉल्टर चामड्याचं हेल्मेट देऊन गेला. त्याचे वडील शंभर वर्षांपूर्वी फुटबॉल खेळायचे. बॉल हातात धरून पळतात, तो. आठवडाभर तारेच्या मिलमध्ये काम, रविवारी पगारी खेळाडू. तीन सीझन, मग गुडघा गेला, करिअर खलास. फोटोसुद्धा नाही, उरलं ते हेल्मेट. शनिवारी आमची आरोही लायब्ररीत त्यावर बोलणार. संकल्प: नातीच्या कामात लुडबूड नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळी दहा
ही लुडबूड नव्हे, निगा. चामडं वाळून खडखडीत झालंय. कोल्हापुरी चपला तेल पाजून वीस-वीस वर्षं टिकवल्यात मी. इथे अमेरिकेत, या श्रूजबरी गावात चामड्यातलं दुसऱ्या कुणाला कळतंय!

दुपारी चार
वाटीभर खोबरेल प्यायलं बिचारं. आत कुणीतरी शाईने गिरगटलं होतं. पोरांचे उद्योग. चोळून लख्ख केलं.

१७ ऑक्टोबर
मऊ झालंय. जरा जास्तच. ठेवलं की बसतं. पातेल्यावर पालथं घातलंय. सून हिमानी म्हणाली, आई, वास कसला? म्हटलं, डोक्याला तेल. खोटं कुठेय? हेल्मेट डोक्यालाच घालतात.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
आरोहीने विचारलं, आजी, व्हेअर आर द नेम्स? शेवटच्या मॅचनंतर अकरा गड्यांनी आत सह्या केल्या होत्या म्हणे. तिचं अख्खं भाषण त्यावर. मी म्हटलं, पक्क्या शाईने करायच्या. रडत वर गेली.

१९ ऑक्टोबर, शनिवार
सकाळीच वॉल्टरकडे जाऊन कबूल केलं. आरोहीने इंग्लिश केलं. त्याने हेल्मेटमध्ये बोट फिरवलं, डोळे मिटले आणि एकेक नाव सांगत गेला. नऊ आठवली. दोन नाहीच. इट्स ओके म्हणाला. ओके नव्हतं.
आरोहीने पोस्टरवर नऊ नावं लिहिली, खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या. अख्ख्या लायब्ररीत मला तेवढ्याच वाचता आल्या.
सुलभाबाई, उद्या वॉल्टरकडे शिरा पाठव. बेदाणे चालतील, काजू नकोत. त्याला कवळी आहे. आणि स्वतः नेऊ नकोस. तिथे आणखी काहीतरी नीट करून येशील.