त्या जूनमधले अकरा दिवस

स्कारनेस
१४ ऑक्टोबर २०१७

प्रिय टेसा,

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो मिळून तीन आठवडे झाले. फोटो मी रेडिओच्या शेजारी ठेवलाय. पोर गोड आहे. नाक आपल्या घराण्याचं नाही, त्याबद्दल योरिसचे आभार मान. तिचं नाव तुम्ही आईचंच, ग्लेनिस, ठेवलंत हे वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. तुझी आई असती तर त्याच संध्याकाळी उत्तर गेलं असतं. आपल्या घरात पत्रं लिहायची ती, मी फक्त खाली सही ठोकायचो. माझं शुद्धलेखन तू जाणतेसच. पाच कागद फाडले, हा सहावा. आज मात्र पुरा करून टपालपेटीत टाकणार आहे.

इथली बातमी म्हणजे नॉर्मन प्लॅट गेला, ऑगस्टमध्ये. फुफ्फुसं. मी चॅपलमध्ये अगदी मागच्या बाकावर बसलो. एकोणीस वर्षं ज्याच्याबरोबर एका बोटीवर जेवलो, झोपलो, दोनदा बुडता बुडता वाचलो, त्याची शवपेटी उचलायला मला कुणी बोलावलं नाही. त्याची बायको बाहेर पडताना माझ्यासमोरून गेली आणि तिनं मान दुसरीकडे केली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सभेनंतर नॉर्मन माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

गेल्या वर्षीच्या त्या सभेबद्दल आपण दोघांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. मी मात्र रोज तिथं जाऊन येतो. मच्छीमारांचं जुनं सभागृह, दोनशे खुर्च्या, आणि भिंतीला टेकून उभे राहिलेले शंभर तरी. युरोपीय युनियनमधून बाहेर पडायचं की राहायचं, यावर स्कारनेसमध्ये ‘राहू या’ म्हणणारा वक्ता मिळेना, म्हणून त्यांनी तुला बेल्जियमहून बोलावलं. आई किती खूश होती! तू येणार म्हणून तिनं मागच्या खोलीचे पडदे धुतले. मी म्हटलं, ‘अगं, ती माझ्या विरुद्ध बोलायला येतेय.’ तर म्हणाली, ‘कशालाही येऊ दे, येतेय ना?’

सुरुवात बरी झाली होती. मिस पिकरिंगबाई घंटी वाजवून लोकांना गप्प करत होत्या, शाळेत करायच्या तशाच. कुणी खेकड्यांच्या कारखान्यातल्या पोलिश कामगारांवर बोललं, कुणी दवाखान्यातल्या रांगांवर. मागून कुणीतरी ओरडलं, ‘टेसा, तुझ्या बेल्जियन नवऱ्याला विचार, आमचे मासे कधी परत देतोय!’ तू म्हणालीस, ‘तो शाकाहारी आहे हो, त्याच्यावर आळ घेऊ नका.’ सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला होता.

मग माझी पाळी आली. मी तेच बोललो जे बावीस वर्षं बोलत आलो होतो, बंदरावर, दारूच्या गुत्त्यात, आणि त्या वसंतात तर प्रत्येक गावच्या सभेत. ब्रुसेल्समध्ये बसून कुणीतरी कागदावर रेघ ओढली आणि माझी बोट मोडली. किनाऱ्यावर आणून, यंत्राच्या जबड्यानं, माझ्या डोळ्यांदेखत. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत तू वाट पाहिलीस, आणि मग माझ्याकडे बघून म्हणालीस, अगदी घरात बोलावं तशी, ‘बाबा, बोट मोडायला देऊन भरपाई घ्यायच्या योजनेचा तो कागद आपल्या स्वयंपाकघरात भरला ना आपण? मीच भरला. चौदा वर्षांची होते, तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. कुणी सक्ती केली नव्हती. स्टॅनकाकांनी अर्ज केला नाही, त्यांची बोट आजही बाहेर जाते. तुमचे गुडघे गेले होते, समुद्र नको झाला होता तुम्हाला. मिळालेल्या पैशांत आपण हे घर घेतलं. यात लाजण्यासारखं काय आहे?’

तू मला पाडायला बोलली नाहीस, हे मला आज कळतं. तुला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती योजना बोटीच्या मालकांसाठी होती, खलाशांना त्यातून छदामही मिळाला नाही. नॉर्मनला मी सांगितलं होतं की मला पर्यायच नव्हता, वरून हुकूम आला. बोट गेल्यावर तो बिचारा खेकड्यांच्या कारखान्यात लागला, पासष्टीपर्यंत तिथंच थंडीत उभा राहिला, आणि दर ख्रिसमसला माझ्याबरोबर ग्लास उचलून ब्रुसेल्सला शिव्या द्यायचा. त्या दिवशी तो दुसऱ्या रांगेत बसला होता. तो उठला, टोपी घातली, म्हणाला, ‘बावीस वर्षं, क्लिफ,’ आणि निघून गेला.

पुढचं तू ऐकलंस. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, ‘ही बाई कोण आहे मला माहीत नाही. मला मुलगी नाही.’ त्यावर टाळ्या पडल्या. आधीच्यापेक्षा जास्त. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवणारे लोक होते. तू तुझी पर्स उचलून मागच्या दारानं गेलीस. आईनं कोटाची बटणं लावली, एकेक करून, आणि तीही निघाली. गाडीत ती एवढंच म्हणाली, ‘उद्या तिला फोन कर आणि माफी माग. परवा नाही क्लिफ, उद्या.’ मी केला नाही. माझा अपमान झाला होता ना! आई रविवारी सहाला तुझा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मला त्या दिवसांत थांबायला फुरसत नव्हती. सभेनंतर मी जरा जास्तच मोठा झालो होतो. स्वतःच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही, असा बाणेदार माणूस! पत्रकं वाटायला पोरंसोरं माझ्या मागे. अकरा जूनला आम्ही बंदरात बोटींची मिरवणूक काढली, सोळा बोटी, झेंडे, भोंगे. मी स्टॅनच्या बोटीवर उभा राहून भाषण केलं. वर्तमानपत्रात फोटो आला. बारा तारखेच्या रविवारी तू फोन केलास, तो मी घेतला. तू विचारलंस, ‘आईचा मोबाइल का बंद आहे?’ मी म्हणालो, ती चॅपलच्या बायकांबरोबर सहलीला गेलीय, चार्जर इथंच विसरली. तू ‘बरं’ म्हणालीस. मीही ‘बरं’ म्हणालो. सभेनंतर आपण एकमेकांशी बोललेले ते पहिलेच शब्द.

निकालाच्या दिवशी सकाळी सात वाजता लोक बाटल्या घेऊन दारात आले. ‘क्लिफ, जिंकलो!’ आई जाऊन पाच दिवस झाले होते. कुणीतरी माझा हात धरून म्हणालं, ‘ग्लेनिस वरून बघत असेल.’ मी दार लावून घेतलं. त्यांना वाटलं दुःखानं लावलं. मत मी बाहेर पडण्यालाच दिलं होतं, आणि कदाचित उद्या पुन्हा तेच देईन. ते भांडण आपण दोघं समोरासमोर बसून पुन्हा करू, कधी बसलोच तर. हे पत्र त्यासाठी नाही.

अंत्यविधीला तुम्ही दोघं आलात, दुपारच्या गाडीनं, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलात. लोक तुझ्याशी कसे वागले ते मी पाहत होतो. मिस पिकरिंगबाईंनी तुझा हात हातात घेतला नाही. शेजारच्या मार्जोरीनं तुला चहा दिला तोही न बोलता, कप आपटून. स्टेशनवर तू योरिसला म्हणालीस, ‘सभेत बोलले म्हणून हे लोक आईच्या अंत्यविधीतसुद्धा मला माफ करत नाहीत.’ मी शेजारीच उभा होतो. दिवसभर मी तुझ्या शेजारून हललो नव्हतो, आठवतं? तुला वाटलं असेल, बाप हळवा झालाय. तू नंतर पत्रात तसं लिहिलंसही.

टेसा, ते सभेमुळे नव्हतं. गावाला वाटत होतं की तुला कळवलं होतं आणि तू आली नाहीस. तसं मीच त्यांना सांगितलं होतं. मी तुला फोनवर सांगितलं तशी तुझी आई एकोणीस तारखेला स्वयंपाकघरात एकदम कोसळून गेली नाही. ती कोसळली आठ तारखेला, बुधवारी सकाळी, सिंकपाशी. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यानंतर ती अकरा दिवस जिवंत होती, इस्पितळात, खिडकीकडच्या खाटेवर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘जवळचं जे कुणी असेल त्यांना बोलावून घ्या.’ मी बाहेर आलो, फोन काढला, तुझं नाव समोर आलं. आणि मला दिसलं की तू येशील, सगळं गाव बघेल, मला तुझ्यासमोर मान खाली घालावी लागेल, आणि मतदानाला दोन आठवडे उरलेत. मी ठरवलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी ‘काल का नाही केलास’ याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मग रोज ते उत्तर जास्त अवघड होत गेलं. बोटींची मिरवणूक मी तिला तिथं टाकून केली. तिथं इनेस नावाची पोर्तुगीज नर्स होती. ती दोनदा म्हणाली, ‘नंबर द्या, मी लावते फोन, तुम्हाला जमत नसेल तर.’ मी म्हटलं, लागला फोन, तिला रजा मिळत नाहीये. सोळा तारखेला ‘राहू या’च्या बाजूच्या त्या खासदार बाईंना भररस्त्यात ठार मारलं आणि सगळा प्रचार तीन दिवस बंद पडला. मला कुठं जायचंच नव्हतं. तीन दिवस मी खाटेशेजारी बसून होतो, फोन खिशात, आणि तरीही मी तो केला नाही. एकोणीसला दुपारी तीन वाजता ती गेली. सहाला नेहमीसारखा तुझा फोन आला. ‘आईला द्या,’ म्हणालीस. पुढचं मी जे बोललो ते सगळं खोटं होतं, ती गेली एवढं सोडून.

आता हे का लिहितोय ते. तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की बाळ झाल्यापासून तुला आईची फार आठवण येते, पण ती एका क्षणात गेली, तिला काही सोसावं लागलं नाही, कुणाची वाट पाहावी लागली नाही, यातच तुला समाधान आहे. आणि तू मला सगळ्याची माफी दिलीयस, बारा नोव्हेंबरला बाळाच्या बाप्तिस्म्याला मी यावं आणि तिला मांडीवर घ्यावं. ती माफी तू सभेतल्या बोलण्याची दिलीस, ती घेऊन मी येऊ शकत नाही. म्हणून राहिलेली एक गोष्टही सांगून टाकतो. ते वाचून मग तू ठरव. यायचं की नाही हे मी विचारणार नाही, तुझा फोन आला तरच गाडीत बसेन. तुझ्या आईला एकच शब्द बोलता येत होता. ‘टेस.’ सकाळी, दुपारी, दाराचा आवाज झाला की, ‘टेस?’ पाचव्या दिवशी मला ते सहन होईना, तेव्हा मी तिचा चांगला हात धरून सांगितलं, ‘ग्लेन, ती येत नाही म्हणाली.’ तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती सहा दिवस होती, आणि तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

तुझाच,
बाबा