समुद्र दिसलाच पाहिजे

४ नोव्हेंबर
वादळ येऊन गेलं. नुकसान किरकोळ. व्हरांडा गेला, लॉन गेलं. पायऱ्यांच्या जागी खड्डा आहे आणि खड्ड्यात कुणाचं तरी प्लॅस्टिकचं टेबल. हॉलमध्ये घोट्यापर्यंत वाळू. बाकी घर ठणठणीत.
व्हरांड्यातली ह्यांची वेताची आरामखुर्ची सापडत नाही. चोरीच. लोकांना अशा वेळी बरोबर सुचतं.
लेकीचा फोन आला. थोडं पाणी आलं होतं, असं सांगितलं.

५ नोव्हेंबर, सकाळ
संकल्प: महिनाअखेर सगळं पूर्ववत. कुणाचीही मदत घ्यायची नाही. वन्संची तर नाहीच.
वन्संचं घर जसंच्या तसं उभं आहे. एकेकाचं नशीब. ह्यांनी धाकटी बहीण म्हणून अर्धी जागा त्यांना दिली. त्यांनी ती रानाला दिली. वाळूचं टेकाड, त्यावर काटेरी झुडपं, त्यावर वेली. ह्यांनी आमच्या बाजूलाही तेच माजवलं होतं. हयात असेतो मी गप्प बसले. ते गेल्यावर मी बुलडोझर बोलावला आणि सगळं सपाट करून घेतलं. समुद्रकाठच्या घरातून समुद्र दिसलाच पाहिजे. तेव्हापासून वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचा काडीचाही त्रास होत नाही.

८ नोव्हेंबर
लेक येऊन गेली. व्हरांडा होता तिथे उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "आई, तू आता आमच्याकडे चल."
खोली कोणती, विचारलं. नातीच्या खोलीत दुसरा पलंग मावेल म्हणाली. कपाटातले खालचे दोन खण मला. अख्खी शाळा चालवलेल्या बाईने आता वाकून खालच्या खणातून साड्या काढायच्या.
ठरलं ते असं: ती तीस तारखेला पुन्हा येणार. तोवर घर राहण्याजोगं झालं तर मी इथेच. नाही झालं तर सामान बांधायचं.
होणारच आहे.

१२ नोव्हेंबर
समुद्राच्या बाजूने दगडी भिंत बांधायची. ठेकेदाराला बोलावलं. त्याने पुरुषभर उंची सुचवली. मी म्हटलं, मग मी खुर्ची टाकून भिंत बघत बसू का? गुडघाभर ठरली.
जावयांचा फोन. लाट भिंतीवर आपटते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते, असं काहीसं. ते रस्ते बांधतात. रस्त्याला लाटा नसतात. नम्रपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर
भिंत पूर्ण. दोरी लावल्यासारखी सरळ. मी स्वतः दोनदा उतरवून पुन्हा रचायला लावली. ठेकेदार जाताना नमस्कार न करता गेला. कामाची शिस्त लोकांना झेपत नाही.
वन्सं कुंपणापाशी आल्या होत्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी आत निघून आले. भिंत बघून जळफळाट झाला असणार.
खुर्ची अजून नाही. पोलिसांत कळवायचं होतं, पण वेताची खुर्ची म्हटल्यावर हसतील.

२४ नोव्हेंबर
काल मोठी भरती होती. भिंत पडलेली नाही. बसली आहे. मधला भाग थोडा जास्त बसला आहे.
पुढची वाळू वाहून गेल्यामुळे समुद्र आता आणखी छान दिसतो.
वन्संच्या पुढ्यात मात्र वाळू साचली आहे. ती माझी आहे. रंगावरून ओळखता येते.

२७ नोव्हेंबर, दुपार
बेडरूमचं दार लागत नाही. हवा खेळती राहते. जेवणाच्या टेबलावरून लिंबू आपोआप समुद्राकडे घरंगळतं. टेबलाच्या पायांखाली पुठ्ठा घातला.

२९ नोव्हेंबर
हॉलच्या मधोमध तडा. जावई मापायला आले होते. मापला नाहीच, माझा हात धरून मला बाहेर काढलं. आजवर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी. माझी चप्पल आत राहिली.

३० नोव्हेंबर
लेकीने गाडीत सामान भरलं. मी रस्त्यावर उभी होते, तिची चप्पल घालून. वन्सं फाटकापर्यंत आल्या.
"वहिनी, चहा टाकलाय. पिऊन जा."
नको म्हणायला तोंड उघडलं, पण गेले. त्यांच्या व्हरांड्यात ह्यांची खुर्ची.
"ही कुठे मिळाली?"
"झुडपात अडकली होती. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी काढली."
"मग सांगायचं नाही का?"
"आले होते सांगायला. तुम्ही आत निघून गेलात."
खुर्चीवर वाळूचा कण नव्हता. मी बसले. समोर नुसती झुडपं. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. लेकीने गाडीतून दोनदा हॉर्न दिला. वन्सं तिला जाऊन काय बोलल्या ठाऊक नाही; परत आल्या त्या माझी ट्रंक घेऊन.
वन्संना ह्या वयात एकटं राहवत नसणार. म्हणून काही दिवस त्यांच्या सोबतीला राहते आहे. लेकीलाही तसंच कळवलं.

३ डिसेंबर
वन्संनी झुडपांच्या फांद्या छाटून पाण्यात ठेवल्या आहेत. माझ्या बाजूला लावायला. माझ्याकडची झुडपंही दादानेच लावलेली, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, लावू, पण सरळ ओळीत. रान नको. त्या हसल्या.
खड्डे आखायला दोरी घेऊन गेले. एक टोक त्यांच्या झुडपाला बांधलं. दुसरं टोक धरून माझ्या बाजूला चालत गेले.
बांधायला काही नव्हतं. थोडा वेळ हातातच धरून उभी राहिले.