लोकरीला लागलेली कसर

आई, परवा तुझी नात बंगळूरहून आठ दिवसांची रजा घेऊन आली आणि आल्या आल्या तिनं माझी सगळी लोकर बाहेर काढली. दोन कपाटं, पलंगाखालची ट्रंक, माळ्यावरच्या पिशव्या. हॉलमध्ये चटई अंथरून तिनं रंगांप्रमाणे ढीग लावले. हिरव्याचा ढीग सगळ्यांत मोठा झाला, तेव्हा ती म्हणाली की अम्मा, एकच रंग किती वेळा घेतला आहेस. मला आता बोलताना दम लागतो, त्यामुळे मी गप्प राहिले तरी कुणाला नवल वाटत नाही. तुला होतं तेच मला झालं आहे, फुप्फुसांचं. डॉक्टर नवे आहेत, औषधंही नवी आहेत, पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर फाइलमध्येच असते, तुझ्या डॉक्टरांची असायची तशीच.

तू नंजनगूडच्या कारखान्यात टाइपिस्ट होतीस. सकाळच्या गाडीनं जायचीस, संध्याकाळच्या गाडीनं यायचीस, आणि विणायचीस ते तेवढंच, गाडीतलं. लोकर घेणं मात्र बारा महिने चालायचं. म्हैसुरात स्वेटर लागतो दोन महिने, तोही सकाळच्या वेळी. शेजारणी हसायच्या, तू कुणाला उत्तर द्यायची नाहीस. दुकानात गुंडा हातात आला की तू तो आधी गालाला लावायचीस, मग मानेला, कारण लोकर टोचते ती मानेलाच, असं तुझं म्हणणं. घरी आलीस की एक धागा तोडून त्याला काडी लावायचीस. केस जळल्यासारखा वास आला तर खरी लोकर, टोकाला वितळून काळा मणी झाला तर भेसळ. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपांमध्ये, फरक असतो, तो दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसतो, असं सांगत तू दोन गुंडे घेऊन अंगणात उभी राहायचीस. त्या वेळी तुझा चेहरा फार मऊ व्हायचा. लडी आणलीस की ती माझ्या दोन्ही हातांवर चढवून समोर बसायचीस आणि गुंडा करायचीस. मी सात-आठ वर्षांची आहे, हात भरून येतात, मी ते खाली घेते आणि सगळा गुंता होतो. तू ओरडत नाहीस. लडी काढून घेतेस, खुर्चीच्या पाठीवर चढवतेस आणि म्हणतेस, "खुर्चीच बरी. ती कंटाळत नाही." तू ते सहज म्हणाली असशील. पण तेव्हापासून माझ्या मनात लोकरीविषयी अढी बसली, ती मोठी झाल्यावरही गेली नाही.

पुढे बाबा गेले, तू रिटायर झालीस, तुझा श्वास बिघडला. माझा नवरा तेव्हा कामासाठी परगावी होता म्हणून मी मुलीला घेऊन तुझ्याकडेच राहत होते आणि स्कूटरवरून हेब्बाळच्या फॅक्टरीत जात होते. मुलगी दोन वर्षांची, तिला शेजारच्या बाई बघायच्या. एकटीनं बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी तुला बजावलं होतं, आणि मी ते रोज निघताना पुन्हा सांगायची. त्या डिसेंबरात बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतून स्वेटर विकणारे आले होते. त्यांच्यातली एक तिबेटी बाई तुझ्या ओळखीची होती. तयार स्वेटरांच्या मागे ती थोडी हातविणीची लोकरही ठेवायची. एका दुपारी मी कामावर असताना तू बसनं एकटी तिच्याकडे गेलीस. शेजारच्या बाईंचा फोन आला म्हणून मी धावत आले, तर तू फाटकाशी खाली बसलेली, ओठ निळसर, आणि छातीशी धरलेली कागदी पिशवी. रिक्षात एकेका श्वासाला थांबत तू म्हणालीस, "लॉट मिळाला गे. तोच. बय्यबेड." रागावू नको, एवढंच ते, मला समजवायची वेळ आली की तू कन्नडावर जायचीस. मी रागावले नाही. मी काहीच बोलले नाही, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं, हे तुला कळलं होतं.

तू अकरा दिवस दवाखान्यात होतीस. मधल्या रविवारी मी तुझी खोली आवरायला घेतली. खोलीत धूळ नको, असं डॉक्टर म्हणाले होते. लोकरीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मी तिन्ही ट्रंका उघडल्या, कपाट उघडलं. कीड-कसर लागू नये म्हणून घातलेला कडुलिंबाचा वाळलेला पाला, नीट बांधलेल्या लड्या, प्रत्येक गुंड्यात खोचलेलं लेबल. बैलकुप्पेच्या पुड्यांवर सुतळीची गाठ तशीच होती. शेजारच्या बाई म्हणाल्या की कुठल्यातरी आश्रमाला दे, मी विचारते. मला तेवढाही धीर नव्हता. रस्त्यापलीकडच्या गादीवाल्याकडे चिंध्या पिंजायचं मशीन होतं. तो माणूस भला होता, लोकर हातात घेऊन त्यानं दोनदा विचारलं, "अम्मा, हे चांगलं आहे, खरंच पिंजू?" मी हो म्हटलं. ती कागदी पिशवी, फाटकाशी तू छातीशी धरलेली, तीही मी न उघडता त्याच्या ढिगावर टाकली. मशीन सुरू झालं आणि मी तिथं उभी राहिले. बघायचं होतं मला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तू उशीला टेकून बसलीस आणि वेताची टोपली मागितलीस. तीत एक स्वेटर होता, हिरवा, एका बाहीचा. मग तू ती पिशवी मागितलीस. मी म्हणाले, "कसर लागली होती आई. सगळ्या लोकरीला. टाकावी लागली."

तू विचारलंस, "नव्याला पण?"

"नव्याला पण."

पंधरा दिवसांत नव्या लोकरीला कसर लागत नाही. हे तुझ्याइतकं या गावात कुणाला ठाऊक होतं? तू टोपली पायाशी सरकवलीस, सुया एकत्र करून त्यांना रबरबँड लावलंस आणि म्हणालीस, "होग्ली बिडु. पाला बदलायला मीच विसरले." म्हणजे जाऊ दे. माझं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेतलंस, आणि मी तुला ते घेऊ दिलं. त्यानंतर तू तीन आठवडे होतीस. लोकरीचा विषय तू काढला नाहीस. शेवटी शेवटी तुझी बोटं चादरीच्या काठावरून सारखी फिरत असायची, जणू टाके मोजते आहेस, आणि मी ती धरून थांबवायची.

पुढच्या हिवाळ्यात मीच त्या तिबेटी बाईकडे गेले. का गेले, सांगता येत नाही. तिनं मला तुझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि स्वेटर पुरा झाला का, विचारलं. कुणाचा, म्हटलं. तर म्हणाली की तुमचाच. आई सांगत होत्या, मुलगी सकाळच्या थंडीत स्कूटरवरून हेब्बाळला जाते, छातीला वारा लागतो, एक बाही राहिली आहे आणि त्या बाहीला तोच लॉट हवा. मी तू गेल्याचं सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि दुकान तसंच टाकून बराच वेळ माझ्याजवळ उभी राहिली. तो लॉट तिच्याकडे संपला होता. त्याच्या जवळचा हिरवा घेऊन मी घरी आले आणि अंगणात उन्हात धरून पाहिला. जुळला नाही. तेव्हापासून, आई, मी घेतेच आहे. विणकाम शिकले, मोजे-टोप्या करते, पण खरं सुख दुकानात आहे, गुंडा मानेला लावून बघण्यात. आधी हिरवा शोधायला जायची, मग निळाही आवडला, मग राखाडी, आणि कधीतरी मला कळलं की मी आता तुझ्यासाठी घेत नाही. मलाच ती हवी असते. एवढं सुख जिनं तुझ्याकडून काढून घेतलं तिलाच ते मिळावं, हे मला बरोबर वाटत नाही, तरी मी जाते.

काल मुलीनं सरळ विचारलं, "अम्मा, पुढे या लोकरीचं काय करू मी? तू सांग, तसंच करते." विचारायला एक वाक्य पुरतं. मी तुला कधी विचारलं नाही. मी म्हटलं, राहू दे तूर्त. तर आज ती बाजारातून हवाबंद डबे घेऊन आली, अठरा. आता पलीकडच्या खोलीत लेबलं लावत बसली आहे. जेवताना म्हणाली की आजीची सगळी लोकर कसरीनं खाल्ली होती ना, तुझं तसं व्हायला नको. लहानपणी मीच तिला ते सांगितलं होतं. मी मान हलवली, आणि भात पुढे ओढला.

हे पत्र टेबलावर उघडंच पडेल, पाठवायला पत्ता नाही. तिला मराठी बोललेलं कळतं. अक्षरं हिंदीमुळे ओळखते, पण माझं हे गिचमीड दोन ओळींपुढे लावायचा तिला कंटाळा येतो. तुझी भाषा म्हणून मराठीत लिहिते आहे, असं मी सुरुवातीलाच लिहिणार होते. खरं म्हणजे तिला वाचता येऊ नये म्हणून लिहिलं.