भाऊजींचं डोकं आणि सभेचं इतिवृत्त

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). लेकीची तब्येत आता सुधारत असेल. नातू तुला अजून ओळखत नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला वेळ दे. इकडे आम्ही सगळे ठीक. 'सगळे' हा शब्द खरं तर खोडायला हवा, कारण भाऊजी आठ दिवस आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत. लेकीकडे जाताना तू त्यांची दोन्ही वेळची जेवणं माझ्यावर सोपवली होतीस, म्हणून झालं ते तसंच्या तसं कळवतो.

हल्लीच्या पोरांचं सगळं बोलणं डोक्याभोवती फिरतं. आमची कन्या परीक्षेला 'डोक्याला शॉट' म्हणते, गणिताच्या बाई तिच्या 'डोक्यात जातात', आणि मी चष्मा कुठे ठेवला असं दोनदा विचारलं की तिच्या डोक्याचं दही होतं. (मानेखाली हिला काही अवयव आहेत की नाहीत, अशी शंका यावी.) भाऊजींनी मागे तिला समोर बसवून यावर पाऊण तास ऐकवलं होतं. निवृत्त मुख्याध्यापकच ते. डोकं विचार करायला असतं, त्याची अशी विटंबना करू नये, वगैरे. ती 'हो काका' म्हणाली आणि आत येऊन आईला म्हणाली, सगळं डोक्यावरून गेलं.

तर गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. अध्यक्ष भाऊजी, सेक्रेटरी मी, विषय गच्चीवरची गळकी टाकी. दीड तास झाला तरी टाकी नेमकी कुठून गळते हेच ठरेना. शेवटी तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाई वैतागून म्हणाल्या, 'डोक्याला शॉट आहे नुसता!' शिंपीकाका म्हणाले, 'अगदी खरंय.' आणि भाऊजींनी, आपल्या भाऊजींनी, टेबलावर हात आपटून एका सभासदाला तो डोक्यात जातो म्हणून सुनावलं.

मी इतिवृत्त कसं लिहितो ते तू जाणतेस. झालं ते सगळं, झालं त्या क्रमाने. 'सदर विषय डोक्याला शॉट असल्याचे दंतवैद्य बाईंनी निदर्शनास आणले. शिंपीकाकांनी अनुमोदन दिले. मा. अध्यक्षांनी एक सभासद आपल्या डोक्यात जात असल्याचे नमूद केले. त्यानंतर चहा झाला.' कागद लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावला. संध्याकाळी तिथे एवढी गर्दी, की लिफ्ट रिकामीच वर-खाली करत होती. कन्येने तर भाऊजींना जिन्यात गाठून अतिशय आदराने विचारलं, 'काका, आता कसं आहे डोकं?'

भाऊजी मला म्हणाले, ते वाक्य काढ. मी म्हटलं, बोललं गेलेलं काढता येत नाही. तेव्हापासून दार लावून स्वतः रांधताहेत. वास खाली येतो, ताई. करपल्याचा. डबा पाठवला तर दाराबाहेर तसाच राहतो. काल गच्चीवर दिसले, शर्ट खांद्यावर सैल झालाय.

मी रोजनिशीत स्वतःला विचारलं, खरं तेच लिहिलंस ना? हो. मग लिहिताना हसत का होतास? इथे पान संपलं. (संपलं नव्हतं, मी उलटलं.)

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एकदा फोन करून त्यांना आमच्याकडे जेवायला पाठव. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. (मीच फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतेस.)

ता. क. २ तो सभासद मीच, हे वर सांगायचं टाळलं. आत्ता सभेची तारीख बघायला रोजनिशी उघडली, तर माझ्याच अक्षरात लिहिलंय की भाऊजींनी टेबलावर हात आपटण्याआधी मी त्यांना चारचौघांत 'डोक्याचं दही करू नका' म्हणालो होतो. इतिवृत्तात सगळ्यांचं आलं, माझं तेवढं राहिलं. विसरलो की वगळलं, हे मला ठरवता येत नाही.

ता. क. ३ शुद्धिपत्रक लिहून सहीसाठी वर घेऊन गेलो. भाऊजींनी उभ्याउभ्या वाचलं, दोन वेलांट्या सुधारल्या, सही केली. म्हणाले, 'हे तू कधी लिहितोस, तेच बघत होतो.' मग चपला घालून माझ्याआधी जिना उतरले. सध्या तिसऱ्यांदा वाढून घेताहेत. तेव्हा फोन करू नकोस. केलासच, तर हे पत्र तुला मिळालेलं नाही.