आमझिरी घाटातला रेडिओ

आमझिरी,
१७ जानेवारी २०२५, दुपारी चार

ती. मारोतकाका यांस,
मिनलचा नमस्कार.

आम्ही सगळ्या इथे सुखरूप पोचलो. तुमचा गुडघा कसा आहे? सीताबर्डीच्या दुकानात अजून खाली बसूनच काम करता का? गेल्या महिन्यात मी व्हरायटी चौकातून दोनदा गेले. दुकान उघडं होतं. तुम्ही पाठमोरे बसून कुणाच्या तरी चाकाचे स्पोक ताणत होतात. मी मेट्रोच्या जिन्याखाली थोडी उभी राहिले आणि परत फिरले. घाई होती असं लिहिणार होते, पण घाई नव्हती.

फोनवर तुम्ही "हो, बरं हाये" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून कागद घेतला. पत्राचं कारण पत्रातच कुठेतरी येईल.

शर्यतीचे पाच दिवस झाले. उद्या सहावा, आमझिरीचा घाट. परवा सपाट रस्त्यानं परत नागपूर, की संपलं. प्रेमलताताई एकूण वेळेत दुसरी आहे, हरियाणाच्या मुलीपेक्षा एकतीस सेकंद मागे. हे एकतीस सेकंद निघाले तर उद्याच निघतील. माझं काम तेच. ताईच्या पुढे राहून वारा अडवायचा, पाणी आणून द्यायचं, घाटात ओढायचं, आणि तिची सायकल बिघडली तर माझी काढून द्यायची. आमच्या दोघींच्या सायकली अजून एकाच मापाच्या आहेत. तुम्ही टेप लावून सीटची उंची ठरवून दिली होती, ती कुणी बदलली नाही.

ताई माझ्याशी बोलते. म्हणजे "पाणी", "डावीकडून", "हळू" एवढं बोलते. वर्ष झालं.

तुमच्या जागेवर आता मेकॅनिक हर्षित म्हणून पुण्याचे एकजण आहेत. माणूस चांगला, हात स्वच्छ, सायकलसुद्धा तशीच ठेवतात. पण संघाच्या गाडीशी बोलायच्या रेडिओचं बटण त्यांनी हँडलवर, ब्रेकच्या शेजारी बसवलंय. बोटाजवळ असलं की सोयीचं, म्हणतात. तुम्ही ते छातीशीच लावायचात. ताईनं एकदा हातापाशी मागितलं तेव्हा म्हणाला होतात, "घाटात मूठ आवळली का दाबल्या जाईन, अन् तुमच्या शिव्या मले गाडीत बसून ऐका लागतीन."

आणि सकाळची तपासणी तर राहिलीच नाही. हर्षित अंगठा दाखवतात, आम्ही अंगठा दाखवतो, झालं. तुम्ही एकेकीला वीस पावलं लांब उभं करायचात. "मिनल, ऐकू येते का?" उत्तर पूर्ण लागायचं, आधी नाव, मग "ऐकू येते". नुसती मान हलवलेली चालायची नाही. आपली वाडीची पिंकी एकदा फक्त "हो" म्हणाली, तर तुम्ही तिला पुन्हा वीस पावलं पाठवलं होतं. ती म्हणाली, काका, ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकून ऐकून माझे कान पक्के झालेत, नका तपासू. तुम्ही म्हणालात, "कान नाही तपासून राहिलो. माणूस तपासून राहिलो."

गेल्या वर्षीचं संघात अजून निघतं. ते असं सांगतात. सहाव्या किलोमीटरला, मारुतीच्या देवळाच्या अलीकडे, ताईची चेन तुटली. ताई तेव्हा पहिली होती. संघाची गाडी खाली अडकली, अरुंद घाटात पुढे बसगाड्यांची रांग. मॅनेजरसाहेबांनी रेडिओवरून मिनलला थांब, सायकल दे म्हणून सांगितलं, पण मिनलचा रेडिओ बंद पडला होता. मिनल पुढे निघून गेली. ताई दोन मिनिटं रस्त्यात उभी राहिली आणि अडतीस सेकंदांनी शर्यत हरली. मिनल त्या दिवशी तिसरी आली, पेपरात फोटो आला, दोन वर्षांचा करार मिळाला. बाबांनी हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये पेढे वाटले.

त्या संध्याकाळी साहेबांनी तुमच्यासमोर माझा रेडिओ ठेवला. तुम्ही चष्मा लावून त्याचे चार स्क्रू काढले, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्क्रू परत लावले. "घाम गेला असन आत," म्हणालात. पुढच्या महिन्यात तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. रेडिओ तुमच्याकडे होते, मग चूकही तुमचीच. बावीस वर्षांचं काम.

असं सांगतात.

गेल्या वर्षीची तुमची पट्टी मी ठेवून दिली आहे. घाटाचा एकेक किलोमीटर लिहून तुम्ही आमच्या हँडलवर चिकटवायचात ती. उद्या तीच लावणार आहे. अक्षर थोडं पुसलंय, पण वाचता येतं.

हॉटेलच्या खिडकीतून घाटाची पहिली दोन वळणं दिसतात. पाहायचं नाही ठरवलं तरी नजर तिथेच जाते. पत्र पोस्टात टाकायचं की नाही ते उद्या ठरवते.

तुमची,
मिनल


आमझिरी,
१८ जानेवारी २०२५, संध्याकाळ

काका,

कालचा कागद फाडला नाही. त्याच्यामागेच हा लावते आहे.

सकाळी गार होतं. पहिले ऐंशी किलोमीटर कुणी काही केलं नाही, सगळ्याजणी एकमेकींची तोंडं पाहत चालल्या होत्या. घाटाच्या पायथ्याला हरियाणाच्या मुलीच्या चार साथीदार पुढे आल्या आणि इतका वेग धरला की तिसऱ्या किलोमीटरला आम्ही बाराच उरलो. पिंकीनं चौथ्यापर्यंत ओढलं. मग बाजूला झाली आणि जाताना माझ्या पाठीवर हात मारून म्हणाली, "जा वं, माह्यातलं संपलं." पाचव्याला आम्ही सहाजणी होतो.

साहेब गाडीतून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "मिनल, ऐकू येते का?" गेल्या वर्षीमुळे. मी बटण दाबून हो म्हणायची. पुन्हा तेच. "मिनल, ऐकू येते का?" काका, त्यांनी तुमचेच शब्द उचलले आहेत, हे त्यांना माहीत नसेल.

मारुतीचं देऊळ आलं. तुम्हाला तो चढ माहीत आहे. गाडीतूनही माणूस पुढे वाकतो तिथे. मी मागचं सगळ्यात मोठं चक्र लावलं, चौतीस दातांचं, आणि तरी पाय असा फिरत होता जसं विहिरीतून भरलेली बादली हातानं वर घ्यावी. वेग ताशी आठ. माणूस शेजारून धावत गेला तरी पुढे जाईल. तुमच्या पट्टीवर तिथे लिहिलं होतं, "देऊळ ते वडाचं वळण. बसूनच. बोलायचं नाही, दम जाते."

हरियाणाची मुलगी उठून पेडल मारायला लागली होती. खांदे हलत होते तिचे. मला वाटलं आता. पण ताई पुढे येईना. ताई माझ्या शेजारी आली. इतकी जवळ की हँडलला हँडल लागेल. उन्हात तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, आणि ती समोर रस्त्याकडे पाहत होती.

तेवढ्यात परत साहेब. "मिनल, ऐकू येते का?"

ताई म्हणाली, "सांग त्याले एकदाचं, ऐकू येते म्हणून."

मी बटण दाबलं. "ऐकू येते."

दोन पेडल झाले असतील. ताई तशीच समोर पाहत म्हणाली, "गेल्या वर्षी येत होतं?"

काका, त्या चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नाही. कारण सांगता येत नाही. मी वर्षभर कारणं तयार ठेवली होती. त्या दिवशी पाय पहिल्यांदाच इतके हलके होते. पुढे फक्त चौघीजणी दिसत होत्या. सहा वर्षं मी कुणासाठी तरी ओढत होते, आणि वाटलं की एकदा, एकदाच, कुणी हाक मारू नये. आणि नेमकी हाक आली. स्पष्ट आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी कानातून रेडिओचा इअरफोन काढून जर्सीत खोचला. हे सगळं मी ताईला सांगणार होते. हॉटेलच्या खोलीत, कधीतरी, दार लावून, रडत. पण दम एकाच शब्दाचा होता.

"हो," म्हणाले मी.

वडाच्या वळणापर्यंत मला फक्त दोघींच्या चेनचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही मला सोडून जाईल. किंवा उतरेल आणि माझ्या कानाखाली मारेल. दोन्ही बरं वाटलं असतं. पुढची मुलगी वीस-पंचवीस मीटर पुढे गेली होती आणि ताई अजून माझ्या शेजारीच.

मग म्हणाली, "मग ओढ आता."

मी ओढलं, काका. किती वेळ ते सांगता येणार नाही. पट्टीकडे पाहिलं नाही. दिसतच नव्हतं नीट. पुढची मुलगी जवळ आली, मग शेजारी आली, मग मागे गेली. तिच्या श्वासाचा आवाज मी ऐकला, करवतीसारखा. नवव्या किलोमीटरला माझी मांडी दगड झाली आणि मी बाजूला झाले. ताई वळून न पाहता निघून गेली. मी नागमोडी चालवत, एका गाववाल्या बाईनं पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं त्याच्या जोरावर, एकोणिसावी आले.

ताई आता पहिली आहे. नऊ सेकंदांनी.

वर पोचल्यावर मी घोंगडी पांघरून रस्त्याच्या कडेला बसले आणि साहेबांची गाडी यायची वाट पाहिली. ठरवलं होतं की त्यांनी काही विचारायच्या आत आपण सांगायचं. चपला शोधायलाही थांबले नाही, बुटांवरच टकटक करत गाडीपाशी गेले. म्हटलं, साहेब, गेल्या वर्षी रेडिओ चालू होता.

ते म्हणाले, "ऐकलं मी."

मला कळेना. मग त्यांनी माझ्या हँडलकडे बोट दाखवलं. चढावर मूठ आवळली होती मी, काका. बटण दाबलेलंच राहिलं होतं. ताईचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही गाडीत गेलं. हर्षित मागच्या सीटवर होते, ड्रायव्हर होता, साहेब होते. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. फक्त शिवी नव्हती.

म्हणजे मी स्वतः जाऊन सांगितलं याला काही अर्थ उरला नाही. त्यांना आधीच माहीत होतं. पण एक गोष्ट गाडीनं ऐकली नव्हती, ती मी सांगितली. आत घाम गेला नव्हता. मारोतकाकांनी रेडिओ उघडला तेव्हाच त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून ते स्वतःवर घेतलं. साहेब बराच वेळ टोपी काढून डोकं पुसत राहिले. "मारोतराव बोलला काहून नाही?" म्हणाले. मी म्हटलं, ते मलाही विचारायचं आहे.

ताई तेव्हा मागे येऊन उभी राहिली होती, अंगावर पहिल्या नंबरची पिवळी जर्सी. ती म्हणाली की तिनं दिवाळीत तुमच्या दुकानात येऊन हेच विचारलं होतं. तुम्ही चहा मागवला आणि एवढंच म्हणालात, "रेडिओ माह्याकडं होता." तिला तेव्हाच समजलं. तरी तेव्हापासून वाट पाहिली तिनं, मी बोलते का याची. "तुले बोलाले आमझिरीच लागली," म्हणाली. हसली नाही. पण "पाणी" आणि "हळू" यांच्यापेक्षा लांब वाक्य होतं ते.

उद्या मी शर्यतीत आहे, कारण नऊ सेकंद राखायला माणूस लागतो. नागपूरला पोचलं की संघाचे कपडे आणि सायकल जमा करायची. साहेबांनी ओरडून नाही सांगितलं. कराराचा कागद ते बघतील म्हणाले. हिंगण्याला घरी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. बाबांनी तो पेपरातला फोटो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय, तो उतरवायचं काम मीच करीन.

साहेब आत्ताच तुम्हाला फोन लावत होते. मी हात जोडून थांबवलं. म्हटलं, आधी पत्र पोचू द्या, मग लावा. ते तुम्हाला परत बोलवतील असं वाटतं. तुम्ही जाल की नाही ते तुमचं. हर्षितना मी बटणाचं सांगितलं. त्यांनी संध्याकाळीच सगळ्यांची बटणं छातीशी लावली.

तुमची पट्टी सुटली घामानं. अर्धी हँडलवरच राहिली, अर्धी पाकिटात घातली आहे.

एक राहिलं. ताईला सांगितलं ते एका शब्दात, तेही दम नव्हता म्हणून. साहेबांना सांगितलं ते त्यांनी आधीच ऐकलेलं. तुम्हाला अजून सांगितलंच नाही. नुसतं "हो" तुमच्याकडे चालत नाही, वीस पावलं परत जावं लागतं. आले आहे परत. उत्तर पूर्ण देते.

मिनल. ऐकू येत होतं.