दत्तूचा रिपोर्ट

रवि., ११ नोव्हें. १९५६. मुलुंड
सकाळी रेडिओवर दत्तू, नागपूरहून, नेहमीच्या ठिकाणी. युद्धात ब्रह्मदेशात एका तंबूत बसून वायरलेस चालवला, तेव्हापासूनचा हा माणूस. आता दोघांकडे हौशी रेडिओचे परवाने, म्हणून दर रविवारी सेटवर गप्पा. या महिन्यापासून नागपूर आपल्याच राज्यात आलं, पण आवाज मात्र तुकड्यातुकड्यांनी. "सद्या, परवा मी..." की गडप. मग एकदम "...बाजारात". सिग्नलची सुई जागची हलत नाही, म्हणजे हवेचा दोष नाही.
रिपोर्ट दिला दोन-नऊ. जोर नऊपैकी नऊ, कळतं पाचांतलं दोन. तर फुगला. हल्ली जो तो समोरच्याला खूश ठेवायला पाच-नऊ वाटत सुटतो, हळदीकुंकवाच्या वाणासारखं. मला ते जमत नाही. दत्तूलाही जमत नसे.

बुध., १४
ऑफिसातून आल्यावर रिसीव्हर उघडला. आधी आपलं घर तपासावं. एक वॉल्व्ह बदलला, दोन सांधे पुन्हा सोल्डर केले. गच्चीवर एरियल पाहायला गेलो तर खालच्या सावंतांचे लेंगे तारेवर वाळताहेत. "तार रिकामीच होती मां," म्हणाले. 
बाकी सगळी स्टेशनं स्वच्छ येतात. दोष नागपूरलाच.

रवि., १८
तसंच. दत्तूला सांगितलं, सुई स्थिर आणि आवाज गडप म्हणजे माइक. आतला कोळसा दमट होऊन बसला असेल, ठोक जरा. लगेच म्हणाला, "हो रे, माइकच... जुनाट झालाय."
इतक्या मुकाट्याने? हा माझं पहिल्या फटक्यात कधी ऐकत नाही. तंबूत फ्यूज उडाला तरी वाद घालायचा. वय झालं म्हणायचं.

मंगळ., २०
चोरबाजारातून जुना लष्करी माइक आणला. कापसात गुंडाळून नागपूरला पार्सल. कुसुम म्हणाली, "अहो, भावोजींची तब्येत तरी विचारता का कधी?" तिला सांगितलं, आम्ही सेटबद्दल बोलतो. यावर ती स्वैपाकघरात गेली.

रवि., २५
नवा माइक लावला म्हणतो. फरक शून्य. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दत्तू, साधे दोन सांधे धड जोडता येत नाहीत तुला? हे दुरुस्त होईपर्यंत मी सेटवर येत नाही."
पलीकडचा सेट चालू, म्हणून सुई वर, पण आवाज नाही. मग बाईचा आवाज. इंदूवहिनी, त्याची बायको. परवाना नसलेल्याने बोलायचं नाही हा नियम, आणि वहिनी आजवर सेटजवळ फिरकल्याही नव्हत्या.
"भावोजी, माइक चांगला आहे. यांची छाती गेलीय. डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय. खोकला आला, दम लागला की माइकवर हात ठेवतात, तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्ही माइक बिघडलाय म्हणालात, ते यांना बरंच वाटलं."
एक शब्द तुटला नाही. त्याच माइकवरून.  तोंडातून निघालं, "वहिनी, पाच-नऊ." सवय मेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग सांगितलं, त्याला बोलू देऊ नका. पुढच्या रविवारी नुसता मोर्स.

सोम., २६
नागपूरला जायला रजा मागितली. साहेब म्हणाले, "कोण लागतो तुमचा?" म्हटलं, कोणी लागत नाही. विषय तिथेच संपला.
दिवसभर कामात लक्ष नाही. फार भीती वाटते. मला सद्या म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

रवि., २ डिसें.
आला. मोर्सवर. दत्तूचा हात मी कुठेही ओळखेन, इतका सफाईदार. आज तो हात चाचपडत होता. अक्षराच्या मध्येच थांबायचा. टिंब की रेघ, कळेना. निम्मं अंदाजाने जुळवलं: इंदू रागावते, माइक झकास आहे, परत पाठवणार नाही.
शेवटी त्याने विचारलं, रिपोर्ट?
कुसुम दारात उभी होती. मी पाठवलं, पाच-नऊ, स्वच्छ.
 मग एकेक अक्षर सुटं, पण बिनचूक: खोटारड्या.
मी पाठवलं, पुढच्या रविवारी खरा देतो. ये.
सुई खालीच आहे. कुसुमने पान वाढलंय, दोनदा हाक मारून झाली. रिसीव्हर चालू ठेवून हे लिहितोय.