कुशीवरच्या प्रसूतींची वही परत मिळणेबाबत

दि. १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
गाढीकाठ प्रसूती रुग्णालय, पनवेल.

विषय : प्रसूती कक्षातून जमा केलेली नोंदवही परत मिळणेबाबत व अभ्यासास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे दि. ३ मार्च, ९ एप्रिल व १६ जूनचे अर्ज (एकालाही लेखी उत्तर नाही).

महोदय,

मी आपल्या रुग्णालयात अकरा वर्षे परिचारिका-प्रसाविका आहे. दोन वर्षांपूर्वी कोनजवळच्या वीटभट्टीवरची गोदा नावाची बाई कळा सुरू झाल्यावर आली. टेबलावर उताणी झोपायला ती तयार होईना. "मना उतानी निजवू नको बाय, जीव गुदमरतं," एवढेच म्हणत राहिली. मी तिला कुशीवर राहू दिले. पहिलटकरीण असूनही तिला एकही टाका पडला नाही.

प्रशिक्षणात याविषयी एक लेख वाचल्याचे आठवले. तो शोधून पुन्हा वाचला. मग सहकारी रंजिता आणि मी, ज्या बायका स्वतःहून कुशीवर राहतो म्हणाल्या त्यांची नोंद ठेवू लागलो : कितवे बाळंतपण, किती वेळ लागला, टाके पडले की नाही. नाव कुणाचेही लिहिले नाही. १८६ प्रसूती झाल्यावर हे सारे नीट तपासून लिहून काढावे, एवढ्यासाठी मार्चमध्ये परवानगी मागितली.

त्यानंतर घडले ते असे. नैतिकता समितीने सांगितले, आधी मार्गदर्शक डॉक्टर आणा. आमच्या कक्षाचे डॉक्टरसाहेब म्हणाले, आधी समितीचे पत्र आणा. छापील नमुन्यात मुख्य संशोधकाची 'वैद्यकीय पदवी' विचारली आहे. तेथे मी परिचर्येची पदवी लिहिली म्हणून अर्ज अपूर्ण ठरला. जूनअखेर वही 'अनधिकृत रजिस्टर' म्हणून जमा झाली आणि कामाच्या वेळेत लेख का वाचला, याचा खुलासा मागण्यात आला. लेख मी जेवणाच्या सुट्टीत वाचला होता. तसे लिहून दिल्यावर, सुट्टी जेवणासाठी असताना जेवण का केले नाही, अशी विचारणा झाली.

जुलैत आपल्याकडे 'पुराव्यावर आधारित प्रसूती सेवा' ही कार्यशाळा झाली. माझ्याकडे चहाची व्यवस्था होती. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी कुशीवरच्या प्रसूतींबद्दल विचारले, तेव्हा मंचावरून उत्तर गेले, "आमच्या भागात अशी माहिती कुणी गोळाच केलेली नाही." मी ट्रे घेऊन दारात उभी होते. बोलावे की नाही हे ठरवेपर्यंत पुढचा प्रश्न आला. त्याची मला अजून लाज वाटते.

१ ऑगस्टपासून, विषय प्रलंबित असेपर्यंत सर्वांना उताणेच ठेवावे, असा तोंडी आदेश आहे. परवा गोदाची जाऊ भामा आली. ती कुशीवर वळत होती. मी माझ्या हातांनी तिला उताणी केली. तिला सात टाके पडले. उताणे ठेवल्यामुळेच पडले असे मी म्हणत नाही. तेच तर मला तपासायचे आहे. टाके घालताना तिने विचारले, "गोदाला कुशीवर ठेवलंस, मना का नाय?"

तरी वही परत मिळावी आणि अभ्यासाला हो किंवा नाही, हे लेखी कळवावे. नाही म्हणायचे असल्यास भामाला काय सांगायचे, तेही त्यातच लिहावे. तिला गुरुवारी घरी सोडणार आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
संजना सुभाष घरत
परिचारिका-प्रसाविका, प्रसूती कक्ष

सोबत : तिन्ही अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती, लेखाची छायाप्रत.